कोरड्या गावचा पाहुणा

मी वर्ध्याचा, असे सांगितले की पुण्यामुंबईची मंडळी हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे सेवाग्राम तुमच्याकडेच ना?" आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, "मग तुमच्याकडे खरंच मिळत नाही?" पहिल्या प्रश्नाला मी अभिमानाने होय म्हणतो. दुसऱ्याला नुसता हसतो. हे हसणे वर्धेकर माणूस लहानपणीच शिकतो. त्यात होयही असते आणि नाहीही असते.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत व्याकरण शोधण्याची खोड लागली आहे. 'घेणे' हे सकर्मक क्रियापद. काय घेतो हे सांगितल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. तो पुस्तक घेतो, दूध घेतो, औषध घेतो. पण 'तो घेतो' एवढेच म्हणून थांबा. ऐकणाऱ्याला सगळे कळते, आणि कळल्यावर तो एकदा मागे वळून पाहतो. वाक्यात उच्चारलेले नाही, पण मनात धरलेले आहे, अशा पदाला 'अध्याहृत' म्हणतात. हे उदाहरण वर्गात देण्याजोगे नाही, म्हणून इथे देतो. कारण आमच्या घरात एक कर्म कित्येक वर्षे अध्याहृत राहिले होते.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. १९४० साली त्या गावाचे सेवाग्राम झाले. ज्या भूमीवरून त्यांनी देशाला दारू सोडायला सांगितले, तिथेच दारूची दुकाने असावीत हे बरे दिसेना, म्हणून १९७०च्या दशकापासून आमचा जिल्हा कोरडा आहे. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आमची मात्र टिकून आहे. आता कायदा म्हटला की पळवाट आलीच. आमची पळवाट खुद्द वर्धा नदीच आहे. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो. उलट दिशेने निघालात तर बुटीबोरी येईस्तो नागपूर जिल्हा सुरू झालेला असतो. आणि ज्यांना एवढाही प्रवास झेपत नाही, त्यांच्याकडे ती स्वतः चालत येते, असे म्हणतात. 'म्हणतात' हाही आमच्या जिल्ह्यातला फार उपयोगाचा शब्द आहे.

अशा जिल्ह्यात मी गडकऱ्यांचे 'एकच प्याला' शिकवतो. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आले, आणि त्याच वर्षी, ते रंगमंचावर येण्याआधीच, गडकरी इकडे विदर्भातच, सावनेरला वारले. वर्गात तळीरामाच्या प्रसंगाला पोरे खदाखदा हसतात. सिंधूच्या प्रसंगाला मागच्या बाकांवर एकदम शांतता पसरते. दोनचार माना खाली जातात. कोणाच्या जातात ते मी पाहत नाही. पाहायचे नसते. माझीही मान अशीच खाली गेली असती.

माझा थोरला भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. सरकारी नोकरी, सुरेख अक्षर, गळा गोड. शनिवारी संध्याकाळी तो 'पुलगावला काम आहे' म्हणून जाई. पुढे पुढे कामासाठी पुलगावला जावे लागेना. घरी आला की तो सरळ मागच्या खोलीत जाऊन झोपे, आणि आई आम्हाला सांगे, "दादाला पित्ताचा त्रास होतोय, आवाज करू नका." दादाच्या पित्ताला आमच्या घरात सर्वजण फार जपत असत. पाहुण्यांना पित्त सांगितले जाई, ऑफिसातून माणूस आला तर त्यालाही पित्तच. वहिनी लग्न होऊन आल्या, त्यांनाही पहिले सहा महिने पित्तच सांगितले होते. एक्केचाळिसाव्या वर्षी दादा गेला. डॉक्टरांनी कागदावर काय लिहायचे ते लिहिले. तेराव्याला जेवायला आलेल्या मंडळींना आई म्हणाली, "पित्तच होतं हो त्याला."

त्या वेळी छोटू तेरा वर्षांचा होता. दादाचा एकुलता एक. वहिनींना अनुकंपेवर दादाच्याच ऑफिसात नोकरी मिळाली. वस्तीतल्या बायकांनी गावठी दारूच्या भट्ट्या मोडायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या अबोल वहिनी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे होत्या. छोटू शिकला, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झाला, पुढे पुण्याला जाऊन नोकरीला लागला. 'फूड कंपनीत आहे' एवढे आम्हाला ठाऊक. वहिनी कौतुकाने सांगत, "खाण्याच्या कंपनीत आहे आमचा." बिस्किटे असतील, असा सर्वांचा समज.

गेल्या वर्षी एका चर्चासत्रासाठी मला पुण्याला जावे लागले. महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्र काढून पोचलो. संध्याकाळी छोटू न्यायला आला. नाव छोटू असले तरी हा गडी सहा फूट उंच. म्हणाला, "काका, आज बाहेर जेवू. माझं ऑफिसपण पाहून घ्या."

रिक्षा थांबली ती एका झगमगीत जागेपुढे. पाटी इंग्रजीत. दारात वेल सोडलेले. आत शंभरेक माणसे जेवत होती, आणि त्या सगळ्यांच्या मागे, काचेच्या भिंतीपलीकडे, स्टीलचे उंचच उंच टाक उभे होते, डेअरीत असतात तसे. मी विचारले, "दूध?"

छोटू म्हणाला, "नाही काका. बीअर. मी इथे बीअर बनवतो."

आयुष्यात काही वाक्ये अशी असतात की ती ऐकल्यावर माणूस पहिल्यांदा आपला चष्मा पुसतो. मी पुसला.

"आईला?"

"फूड कंपनी सांगितलंय. खोटं नाही ते. हा गॅस्ट्रोपब आहे."

हा शब्द मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. पब हे 'पब्लिक हाउस'चे लाडके नाव. गॅस्ट्रो म्हणजे पोटाचे. पोटोबाचे सार्वजनिक घर म्हणा. लंडनमध्ये 'द ईगल' नावाचा एक जुना पब १९९१ साली दोघा तरुणांनी चालवायला घेतला आणि पिण्याच्या जागी नीट जेवणही मिळू लागले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. जागच्या जागी बीअर गाळणारी महाराष्ट्रातली पहिली छोटी भट्टीही पुण्यातच, २००९ साली, 'डूलाली' नावाने निघाली. तेव्हापासून पुण्यात अशा बऱ्याच झाल्या आहेत. हे सर्व छोटूने मला उभ्या उभ्या सांगितले. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा तो भराभर बोलत होता. मी समोर वहिनी पाहत होतो.

"चला, आत दाखवतो," तो म्हणाला.

काचेपलीकडे ऊबदार, गोडसर वास होता. उकडलेल्या धान्याचा, थोडा भाजक्या पोळीचा. छोटूने ओंजळभर दाणे माझ्या हातावर ठेवले. जव, आपण ज्याला सातूही म्हणतो. ते भिजवायचे, मटकीला आणतो तसे मोड आणायचे आणि मोड फुटू लागले की वाळवायचे. याचे नाव माल्ट. मग भरडून साधारण पासष्ट अंश गरम पाण्यात तासभर ठेवायचे. "भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना काका? तेच इथे होतं. पिठाची साखर होते." मग गाळायचे, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळायचे, गार करायचे, आणि त्यात यीस्ट सोडायचे. जव, हॉप आणि पाणी यांखेरीज बीअरमध्ये काही घालू नये, असा कायदा बव्हेरियात १५१६ साली झाला. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण ते कोणाला माहीतच नव्हते! काम करत होते, पण अध्याहृत होते. ते कसे काम करते हे पाश्चरने उलगडले आणि १८७६ साली बीअरवर अख्खा ग्रंथ लिहिला. दूध ज्याच्या नावाने 'पाश्चराइज' करतात तोच हा. "आपल्या गोरस भांडाराचं आणि माझं घराणं एकच आहे काका," छोटू म्हणाला. आम्ही दोघेही हसलो. पहिल्यांदाच.

मग त्याने एका टाकीच्या तोटीखाली लहानसा पेला धरला आणि माझ्यापुढे केला. मी मागे सरलो.

"घ्या. याच्यात अजून यीस्ट टाकलेलं नाही. ही नीरा आहे असं समजा."

नीरा म्हटल्यावर वर्धेकराला नाही म्हणता येत नाही. १९३४ साली आमच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. त्या मंडळींनी नीरेचा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला, तो दारूला पर्याय म्हणूनच. तेच झाड, तोच रस. मडक्याला आतून चुना लावून पहाटे उतरवली तर नीरा, आणि तशीच ऊन चढेस्तोवर ठेवली तर ताडी. मधले अंतर केवळ काही तासांचे. मी पेला तोंडाला लावला. गरम, दाट, अतिशय गोड. लहानपणी आजारातून उठल्यावर आई दुधात घालून द्यायची त्या माल्टची चव. दादाने एकदा माझ्या वाटचे ते दूध पिऊन टाकले होते, तेही एकाएकी आठवले.

"दिवसभर करतोस काय तू नक्की?" मी विचारले.

"खरं सांगू? धुतो. टाक्या धुतो, नळ्या धुतो, परत टाक्या धुतो. एक जंतू राहिला तर हजार लिटर फुकट. बारा आणे काम भांडी घासण्याचं."

आम्ही बाहेर येऊन टेबलाशी बसलो. मी इकडेतिकडे पाहिले. माझ्या मनातला गुत्ता 'एकच प्याला'तून आलेला. मंद दिवा, झिंगलेली टोळकी, कोपऱ्यात तळीराम. इथे शेजारच्या टेबलावर आजीबाई वरणभात मागत होत्या आणि तो नाही म्हणून कळल्यावर नातवाच्या ताटातले बटाटे खात होत्या. पलीकडे एक जोडपे, त्यांच्या बाबागाडीत बाळ झोपलेले. बायकांच्या हातातही पेले होते. मला अवघडल्यासारखे झाले, हे कबूल करतो. पण कोणीही मागे वळून पाहत नव्हते.

कायद्याने मात्र इथेही सगळे साधे नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. बीअरला वय २१ पुरे, कडक दारूला २५ हवे. परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे पुण्यातही अखेर आरोग्यच पुढे केले जाते. आमच्या घरचे पित्त मला सरकारी दप्तरात भेटेल असे वाटले नव्हते.

जेवणाच्या यादीत सावजी मटणाचे 'टॅको' नावाचे काही होते. सावजी रस्सा खाऊन घाम न येता उठता येते, हे मला तिथे समजले. ठेचा लावून भाजलेला पाव होता, तो मात्र झकास. छोटूने लाकडी फळीवर चार इवले पेले मागवले. फिक्या पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत. अगदी पंचपाळे वाटावे. मी वास घेतले. एकाला केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. "त्यात केळं नाही, लवंगही नाही," छोटू म्हणाला. "गव्हाची बीअर आहे. हे वास यीस्ट तयार करतं." त्याच्या बोलण्यात कारागिराचा आनंद होता. दादा पेटी उघडून बसला की त्याच्या चेहऱ्यावर असाच आनंद यायचा.

मग छोटू जरा थांबला. म्हणाला, "काका, मी एक ग्लास घेऊ?"

वाक्यात कर्म होते. मी हो म्हणालो. नाही म्हणण्याचा मला काय अधिकार? पंचवीस वर्षांचा मुलगा. पण पेला उचलणारा तो हात पाहिला आणि माझा घास घशात अडकला. हुबेहूब दादाचा हात. तीच लांब बोटे, तेच निमुळते अंगठ्याचे नख. तो मात्र सावकाश, जेवता जेवता, बोलत बोलत पीत होता. मी चोरून पेल्याकडे पाहत होतो, आणि मी पाहतो आहे हे त्याला कळत होते.

"तुम्हाला भीती वाटते," तो म्हणाला. "मलाही वाटते. बाबांचं रक्त आहे. म्हणून माझा नियम आहे, एकट्यानं कधी नाही आणि दारामागे कधी नाही. बाबा कोणासमोर कधी प्याले नाहीत काका. मी तेरा वर्षं त्यांच्या घरात राहिलो, पण त्यांना पिताना एकदाही पाहिलं नाही. नुसतं पित्त पाहिलं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काय होते? तो नियम किती टिकेल, हे मला सांगता येत नाही. त्यालाही येत नसावे. उठताना त्याच्या पेल्यात दोन बोटे बीअर उरली होती. ती मुद्दाम ठेवली की पोट भरले म्हणून राहिली, तेही मी विचारले नाही.

स्टेशनवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "काका, आईला तुम्ही सांगाल? मला जमत नाहीये."

परतीची सगळी रात्र मी जागा होतो. सांगावे की न सांगावे हा प्रश्न नव्हताच. बडनेरा गेले, धामणगाव गेले, पहाटे पुलगावच्या पुलावर गाडी खडखडली. खाली वर्धा नदी अंधारात होती. याच पुलावरून दादा दर शनिवारी कामाला जात असे. आमच्या घरात एका पित्ताने एक माणूस नेला. आता 'फूड कंपनी' नावाचे दुसरे पित्त मी घरात घेऊन चाललो होतो.

वहिनी मेथी निवडत होत्या. चहा झाला. "कसा आहे छोटू? काय काम करून राहिलाय तिथे?"

"वहिनी, छोटू बीअर बनवतो."

जुडीतली एक काडी त्यांनी नीट खुडली. "म्हणजे दारू."

"बीअर म्हणजे तशी सौम्य..."

"भाऊजी, तुम्ही मराठीचे. पण मला शब्द नका शिकवू."

मी गप्प बसलो. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारले, "तो घेतो?"

"एक ग्लास घेतला. माझ्यासमोर. मला विचारून."

"ह्यांनी कधी कोणासमोर घेतली नाही," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मेथी तशीच राहिली. ती मी निवडली.

त्या महिन्यात छोटूने पाठवलेले पैसे वहिनींनी परत पाठवले. पुढच्या महिन्यात परत गेले नाहीत, पण वेगळ्या पासबुकात पडून राहिले. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो असताना फोन वाजला. बराच वेळ नुसते 'हं, हं' चालले होते. मग एकदम आवाज चढला, "भांडी घासतोस म्हणे दिवसभर? घरी कधी एक वाटी विसळली नाहीस!" मी पेपर तोंडापुढे धरला. फोनवर तो त्यांना आणखी काही सांगत होता. काम संपल्यावर उरणारा जवाचा चोथा गाईंच्या गोठ्यावर जातो, असे काहीसे. वहिनींनी विचारले, "खातात का गाई?" खातात, असे उत्तर आले असावे. वहिनी म्हणाल्या, "बरं."

माझा एक विद्यार्थी पुण्याला निघाला, तेव्हा वहिनींनी त्याच्याबरोबर गोरसपाकाचे दोन पुडे दिले. एक छोटूला, दुसरा तिथे काम करणाऱ्या मुलांना. निरोप दिला, "मी एकदा येईन म्हणावं. जेवायला. पाणी पिईन."

अजून त्या गेलेल्या नाहीत. भट्टीवाल्यांविरुद्ध बायकांची बैठक असली की त्या आजही पुढे बसतात, आणि बंदी उठवा म्हणणाऱ्यांच्या कागदावर त्यांची सही कोणी मागायलाही धजत नाही. या दोन गोष्टी एका मनात कशा राहतात, असे मी एकदा विचारणार होतो. पण ज्या बाईने ते घर सोसले, तिला हा प्रश्न विचारणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

यंदा दसऱ्याला सोने द्यायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारले, "छोटू काय करतो हो आता?"

मी माझ्या हातातल्या आपट्याच्या पानाकडे पाहू लागलो.

"पुण्याला बीअर बनवतो," वहिनी म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."